रास्त भाव म्हणजे कोणता भाव?

जुन्नरच्या डोंगरांतील लेणी पाहावयास पुष्कळ लोक जातात. परंतु तेथील भिंतींवर कोरलेली ब्राह्मी अक्षरे काय सांगतात हे विचारणारे थोडे. त्या लेखांत राजेलोकांचा उल्लेख क्वचित येतो. बहुतेक दाते व्यापारी, कारागीर आणि साधे गृहस्थ आहेत. एका लेखात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्या काळच्या व्यापारीसंघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. जवळच्या नाणेघाटातून कोकणातल्या बंदरांचा माल वर चढत असे आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता असे परंपरा सांगते. म्हणजे माल पिकवणारा, तो विकणारा आणि त्यावर हात ठेवणारे सरकार, हे त्रिकूट या मुलखाला दोन हजार वर्षांपासून परिचित आहे. त्या तिघांचे आपसांत जमते कसे आणि बिघडते कोठे, एवढाच आजचा आमचा विषय आहे.

आज जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके मुख्यतः भाजीपाल्याचे तालुके झाले आहेत. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांच्या पाण्याने हे घडवले. टोमॅटोला नारायणगाव, कांद्याला ओतूर आणि आळेफाटा, आंबेगावच्या मालाला मंचर, अशी बाजारांची वाटणी लहान मुलालाही ठाऊक असते. त्यामुळे येथल्या श्रोत्यांची एक मौज आहे. मुंबईच्या सभागृहात बसलेला माणूस केवळ भाजी विकत घेणारा असतो. आपल्याकडे बाजारपेठेत राहणारा शिक्षक किंवा कारकून सकाळी पिशवी घेऊन भाजी आणतो, आणि त्याचाच चुलतभाऊ मळ्यात तीच भाजी तोडत असतो. एक म्हणतो, भाजी खाणे परवडत नाही. दुसरा म्हणतो, भाजी पिकवणे परवडत नाही. एकाच घरातली ही दोन वाक्ये आहेत आणि बहुतेक वेळा दोन्ही एकाच दिवशी खरी असतात. हे कसे होऊ शकते, हे समजून घेतले पाहिजे.

भावाच्या आधी वजनाचा विचार करू. कारण वजनाचा प्रश्न आपण बऱ्याच अंशी सोडवला आहे. पूर्वी शेर, मण, पायली ही मापे गावागणिक बदलत. घ्यावयाचे माप एक आणि द्यावयाचे दुसरे, ही तक्रार घरोघरी होती. १९५६ साली वजनमापांच्या प्रमाणांचा कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान वजने येऊ लागली आणि १९६२ पर्यंत किलोग्रॅम देशभर रूढ झाला. पुढे १९६३ साली महाराष्ट्रात शेतमालाच्या बाजाराचा कायदा झाला. रुमालाखाली बोटे दाबून सौदा करण्याची हत्ता पद्धत मोडून उघडा लिलाव व्हावा, मालाचे वजन शेतकऱ्यासमोर व्हावे, हिशेबाची पट्टी हातात मिळावी आणि पैसे वेळेवर मिळावेत, हा त्याचा उद्देश होता. त्यानंतर इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि आकडा दोघांनाही दिसू लागला. लबाडी अजिबात नाहीशी झाली असे नव्हे. परंतु किलो म्हणजे किती, याबद्दल आज कोणी वाद घालत नाही. एक माप सर्वांना मान्य झाले, ते सर्वांना दिसू लागले आणि ते मध्येच बदलत नाही. या तीन गोष्टींनी वजनाचा प्रश्न सुटला. भावाच्या बाबतीत या तिन्हींची वाण आहे.

बांधीव मालाच्या बाबतीत सरकारने एक तोड काढली. १९९० पासून पुड्यावर सर्व करांसह कमाल किंमत छापण्याचा नियम झाला. ती कमाल किंमत आहे हे आपण पुष्कळदा विसरतो. दुकानदाराने तीपेक्षा कमी घेण्यास मुळीच मनाई नाही, जास्त घेण्यास आहे. मग कोणी विचारील, बिस्किटाच्या पुड्यावर किंमत छापता येते तर टोमॅटोवर का नाही? याचे उत्तर असे की बिस्किटाच्या कारखानदाराला आपला खर्च आधी ठाऊक असतो. माल खपेना तर तो यंत्र थांबवू शकतो आणि तयार माल महिनेच्या महिने ठेवू शकतो. टोमॅटोला थांबणे ठाऊक नाही. लाल झालेले फळ आज तोडले नाही तर परवा फेकावे लागते. म्हणून कारखानदार बाजाराला आपला भाव सांगतो आणि शेतकरी बाजाराला आपला भाव विचारतो. हा फरक कोणत्याही छापील चिठ्ठीने मिटणारा नाही.

आता थोडा हिशेब करू. समजा, नारायणगावच्या बाजारात वीस किलोंचा क्रेट ३०० रुपयांना गेला. म्हणजे शेतकऱ्याला किलोला १५ रुपये पडले. तोच टोमॅटो मुंबईच्या दुकानात ४५ रुपयांना विकला जातो. मधले ३० रुपये गेले कोठे? हमाली, तोलाई, क्रेट आणि गाडीभाडे मिळून ५ रुपये धरू. खरेदीदाराची अडत, बाजारखर्च आणि घाऊक व्यापाऱ्याचा वाटा ७ रुपये. वाटेत व दुकानात दबून-सडून जाणाऱ्या मालाचे ६ रुपये. आणि किरकोळ विक्रेत्याची जागा, मजुरी व नफा १२ रुपये. हे आकडे आम्ही हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत; परंतु प्रमाण काल्पनिक नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासनिबंधात असे दाखवले आहे की ग्राहकाने दिलेल्या रुपयातून शेतकऱ्याच्या हाती टोमॅटोत सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७ पैसे पडतात. ढोबळ मानाने एक तृतीयांश.

या एक तृतीयांशात सगळे मर्म आहे. समजा, आवक वाढली आणि क्रेट ३०० वरून १०० रुपयांवर आला. शेतकऱ्याचा भाव १५ वरून ५ रुपयांवर घसरला. दोन तृतीयांश उत्पन्न बुडाले. दुकानात काय झाले? गाडीभाडे, हमाली आणि जागेचे भाडे टोमॅटो स्वस्त झाला म्हणून उतरत नाही. अडत टक्केवारीने असते आणि सडलेल्या मालाची किंमत भावाबरोबर कमी होते, म्हणून मधले ३० रुपये अगदी अचल नाहीत. तरी बराचसा भाग जागचा हलत नाही. तेव्हा दुकानातला भाव ४५ वरून फार तर ३५ च्या आसपास येतो. बाजारातल्या बाईला पाव हिश्शाइतकाही उतार दिसत नाही आणि तिकडे मळ्यात टोमॅटो बांधावर फेकला जात असतो. ती म्हणते, मधला दलाल खातो. शेतकरीही तेच म्हणतो. दलाल काही ठिकाणी खातोच. परंतु कोणी एक पैसा खाल्ला नाही तरी हे चित्र असेच दिसले असते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आता हाच हिशेब उलटा करा. शहरातल्या ग्राहकाला किलोमागे ५ रुपयांचा दिलासा द्यावयाचा आहे, आणि तो मालाचा मूळ भाव पाडून द्यावयाचा आहे. ग्राहकाचे ४५ चे ४० झाले. त्याला एक नवमांश सवलत मिळाली. शेतकऱ्याचे १५ चे १० झाले. त्याचा एक तृतीयांश गेला. ग्राहकाला चिमूटभर मिळावे म्हणून शेतकऱ्याची मूठ रिकामी होते. कोणाच्याही मनात दुष्टावा नसताना, केवळ अंकगणिताने हा अन्याय घडतो. आम्हांला वाटते, भावासंबंधीच्या कोणत्याही सरकारी धोरणाची पहिली परीक्षा या हिशेबावर झाली पाहिजे.

याचा अर्थ मधल्या माणसाला निर्दोष सोडावे असा नाही. जेथे खरेदीदार मोजके असतात तेथे ते संगनमत करतात. वजनात कटती धरणे, पट्टी लांबवणे, चांगला माल दुय्यम ठरवणे, हे प्रकार जुने आहेत. परंतु खर्च कोणता आणि लूट कोणती हे वेगळे करावयाचे तर हिशेब उघडा हवा. २०१६ च्या जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाणारी अडत खरेदीदाराने द्यावी असे ठरवले. त्यावर व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. निर्णयाची दिशा योग्य होती. मात्र अडत कागदावर खरेदीदाराकडे गेली तरी तो ती बोली लावताना मनात वजा करू शकतो. जेथे दहा खरेदीदार बोली लावतात तेथे हे साधत नाही. जेथे दोघेच असतात तेथे साधते. म्हणून कायद्याइतकीच खरेदीदारांची संख्या महत्त्वाची.

आता सरकारकडे वळू. भावात सरकारने मुळीच हात घालू नये असे म्हणणारे आम्ही नव्हे. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला कांदा-टोमॅटो दुप्पट महाग झाला तर त्याचे ताट खरोखर रिकामे होते. व्यापारावर जकात बसवून आपल्या माणसांचे रक्षण करणे हे राज्यकर्त्यांचे जुने कामही आहे. शिवनेरीवर जन्मलेल्या शिवछत्रपतींनी १६७१ साली कुडाळच्या सरसुभेदाराला मिठासंबंधी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. बारदेशचे, म्हणजे पोर्तुगीज मुलखातले, मीठ स्वस्त पडू लागल्यामुळे संगमेश्वरकडचे मीठ मागे पडेल, हे ओळखून त्यांनी बारदेशच्या मिठावर भारी जकात बसवण्यास सांगितले. आणि जकात धरून ते मीठ संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल असा हिशेब पाहण्यास सांगितले. त्या पत्रात एक हेतू आहे, एक हिशेब आहे, आणि ज्याचे रक्षण करावयाचे तो मीठ पिकवणारा डोळ्यांसमोर आहे.

याच्या शेजारी कांद्याचा अलीकडचा इतिहास ठेवून पाहा. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर ही किमान निर्यात किंमत ठरली. ८ डिसेंबरपासून निर्यात पूर्ण बंद झाली. ४ मे २०२४ रोजी ती ५५० डॉलरच्या किमान किमतीवर आणि ४० टक्के शुल्कावर पुन्हा सुरू झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान किंमत उठली आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. वीस महिन्यांच्या आत नियम निदान सहा वेळा बदलला.

आता कांद्याचे स्वतःचे वेळापत्रक पाहा. उन्हाळी कांद्याचे रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतात, डिसेंबर-जानेवारीत लागवड होते, मार्च-एप्रिलमध्ये काढणी होते आणि चांगला माल चाळीत चारसहा महिने टिकतो. ज्या शेतकऱ्याने २०२३ च्या ऑक्टोबरात रोप टाकले त्याने शुल्क लागू असताना टाकले. लागवड केली तेव्हा दार बंद झाले होते. काढणी केली तेव्हाही बंदच होते. आणि ज्याला देणेकऱ्यांमुळे एप्रिलमध्येच माल विकावा लागला त्याचा माल गेल्यावर दार उघडले. पिकाला सहा महिने लागतात आणि फर्मान एका रात्रीत निघते. शेतकरी पावसाची जोखीम पत्करतो, कारण ती कोणाच्या हातात नाही. अधिसूचनेची जोखीम मात्र माणसाने निर्माण केलेली आहे.

ग्राहकाला सवलत देण्याची दुसरी रीत आपल्याला ठाऊक नाही असे नाही. आपल्या गल्लीतल्या रेशन दुकानाला आपण रास्त भावाचे दुकान म्हणतो. तेथे सरकार धान्य जाहीर किमतीला विकत घेते, त्याहून स्वस्त किंवा फुकट देते, आणि मधला फरक तिजोरी सोसते. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो देशभर किलोला शंभराच्या पुढे गेला तेव्हाही सरकारने सहकारी संस्थांमार्फत बाजारातून टोमॅटो घेऊन दिल्लीसारख्या शहरांत आधी ९०, मग ८० आणि ७० रुपये किलोने विकला. याला खर्च येतो. परंतु तो सर्व करदात्यांत वाटला जातो. निर्यातबंदीला तिजोरीचा खर्च दिसत नाही, म्हणून ती सोपी वाटते. खर्च असतोच, तो शेतकऱ्याच्या पट्टीत दडलेला असतो. सवलत द्यावयाची तर ती तिजोरीतून द्यावी, एकट्या शेतकऱ्याच्या खिशातून नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

येथे कोणी म्हणेल की हे सारे आता यंत्रे सोडवतील. यंत्रांचे आपल्या तालुक्याला वावडे नाही. जुन्नर तालुक्यातल्या आर्वी येथे १९७१ साली उपग्रहामार्फत परदेशांशी दळणवळण करणारे केंद्र सुरू झाले. खोडदच्या परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी आहे आणि अब्जावधी प्रकाशवर्षांवरून आलेले क्षीण संदेश ती टिपते. त्याच तबकड्यांच्या शेजारच्या वावरातल्या शेतकऱ्याला दोन महिन्यांनी टोमॅटोचा भाव काय असेल हे कळत नाही. यात दोष यंत्राचा नाही. आपण यंत्राला कोणता प्रश्न विचारतो, याचा आहे.

आज मोबाइलवर प्रत्येक बाजाराचा भाव कळतो. २०१६ च्या एप्रिलपासून ई-नाम ही देशव्यापी व्यवस्थाही सुरू झाली. याचा लाभ खरा आहे. मंचरला भाव कमी असेल तर गाडी दुसरीकडे नेता येते. परंतु हा भाव आजचा असतो. २०२३ च्या जुलैतला चढा भाव सर्वांना एकाच वेळी कळला, रोपे धडाधड लागली, आणि सप्टेंबरात टोमॅटो किलोला काही रुपयांवर कोसळला. म्हणजे आजच्या भावाची बातमी जितकी लवकर पसरते तितकी उद्याची मंदी लवकर येते. खरी उपयोगी बातमी वेगळीच आहे, आणि ती तालुक्यातच पडून आहे. टोमॅटोचे रोप बहुतेक शेतकरी आता रोपवाटिकेतून आणतात. या आठवड्यात किती रोपे बाहेर गेली हे प्रत्येक रोपवाटिकेच्या वहीत लिहिलेले असते, आणि त्यानंतर सुमारे दोनअडीच महिन्यांनी किती माल येईल याचा अंदाज त्यातूनच निघतो. या वह्यांची बेरीज करून ती दर आठवड्याला बाजार समितीच्या फळ्यावर व मोबाइलवर लावली, तर लागवड करणारा डोळे उघडे ठेवून लागवड करील. यासाठी उपग्रह लागत नाही.

शहराच्या टोकालाही एक सावधगिरी हवी. भाजीवाल्याच्या टोपलीवरचा भाव समोरच्या दहाही गिऱ्हाइकांना ऐकू येतो. मोबाइलवरून भाजी मागवली की प्रत्येकाला आपापल्या पडद्यावरचा भाव दिसतो. शेजाऱ्याला काय दिसते ते कळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दोन टॅक्सीसेवा कंपन्यांना, फोनच्या प्रकाराप्रमाणे भाडे वेगळे लावले जाते काय, अशी विचारणा केली होती. कंपन्यांनी तो आरोप नाकारला. त्या प्रकरणाचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु रुमालाखालचा सौदा मोडण्यासाठी आपण कायदे केले, तोच सौदा काचेखाली पुन्हा सुरू होऊ नये, एवढे तरी पाहिलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट. भाव मिळण्यासाठी थांबता आले पाहिजे, आणि थांबणे केवळ गोदामाने होत नाही. पश्चिमेकडच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबे हिरडा गोळा करतात. वाळलेला हिरडा सडत नाही; तरी घरात मीठमिरचीला पैसे नसतील तर तो मिळेल त्या भावाने द्यावा लागतो. माल टिकाऊ असूनही माणूस टिकत नाही. उलट सातगाव पठारावरचे काही बटाटा उत्पादक वेफर्सच्या कारखान्यांशी लागवडीपूर्वीच भाव ठरवतात. बाजार चढला तर त्यांना हळहळ वाटते; पडला तर रात्री झोप लागते. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. ठेवलेल्या मालावर उचल मिळण्याची ही सोय जितकी गावाजवळ येईल तितका शेतकरी आपला भाव सांगू शकेल.

मग रास्त भाव म्हणजे कोणता? स्वस्त भाव म्हणजे रास्त भाव नव्हे, आणि चढा भाव म्हणजेही नव्हे. जो उघडपणे ठरला, ज्याचा हिशेब दोन्ही टोकांना दिसतो, जो ठरताना विकणाऱ्याला थांबण्याची मुभा होती, आणि ज्याचे नियम पीक उभे असताना बदलले नाहीत, तो भाव कमी असो वा जास्त, रास्त होय. सरकारकडे आपण एवढे मागावे: कोणत्या भावाला निर्यातीवर शुल्क बसेल आणि कोणत्या भावाला उठेल, हे लागवडीपूर्वी जाहीर करा आणि हंगामभर पाळा.

काही गोष्टी मात्र सरकारची वाट न पाहता होण्याजोग्या आहेत. ग्राहकांनी एकत्र येण्याची वाट महाराष्ट्राने पूर्वीच घालून दिली आहे. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायत उभी राहिली आणि १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीची कुटुंबे एकत्रित खरेदी करीत आली आहेत. आपल्या नगरपरिषदेला आणि ग्रामपंचायतींना भाजीमंडईच्या दाराशी एक फळा लावता येईल. त्यावर रोज सकाळी नारायणगाव, ओतूर आणि मंचर येथील त्या दिवशीचे लिलावाचे भाव खडूने लिहावेत. भाजी घेणाऱ्याला मूळ भाव दिसेल, विकणाऱ्याला आपला खर्च सांगता येईल, आणि मळ्यातला भाऊ व पेठेतला भाऊ एकाच आकड्यावर बोलू लागतील. खडू आणि फळा यांना खर्च फारसा येत नाही. तो रोज लिहिणारा माणूस नेमणे, हे काम आपणा सर्वांचे आहे.